वीज अभियंत्याची नोकरी आणि विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती

(जिल्हा परिषदेच्या सभागृहात झालेल्या शिष्यवृत्ती वितरण समारंभात एका निवृत्त अधीक्षक अभियंत्यांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



संयोजकांनी मला दोन विषय दिले आहेत. विजेच्या नोकरीतील माझे अनुभव हा एक आणि आम्ही काही निवृत्त सहकारी मिळून जो लहानसा शिष्यवृत्ती निधी चालवतो, त्याची हकिकत हा दुसरा. हे दोन विषय एका भाषणात कसे बसवावेत, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला तो पडला नाही, कारण शिष्यवृत्ती नसती तर मी अभियंता झालो नसतो आणि तारांच्या मागे तेहेतीस वर्षे हिंडलो नसतो, तर शिष्यवृत्तीच्या कामातल्या अडचणी माझ्या ध्यानात आल्या नसत्या.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गेले. ज्या जिल्ह्यात कोयना धरण आहे, त्याच जिल्ह्यात आमचे गाव. कोयनेच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीला तिने केवढा हातभार लावला, हे आपण जाणताच. आमच्या गावाने मात्र कोयनेचा पहिला अनुभव घेतला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, भूकंपाच्या हादऱ्याने! वीज त्यानंतर दोन वर्षांनी आली. चावडीवर एक दिवा लागला, एका बागायतदाराच्या विहिरीवर पंप बसला आणि गावाचे विद्युतीकरण झाले, अशी नोंद झाली. या ‘नोंदी’विषयी मी पुढे बोलणार आहे.

१९७२ मध्ये मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. तो दुष्काळाचा काळ. वडील आणि थोरला भाऊ रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. पुढील शिक्षणाचा विचार घरात निघणे शक्य नव्हते. तो काढला आमच्या गुरुजींनी. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी माफीची सवलत महाराष्ट्रात १९५९ पासून, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, मिळू लागली होती. त्या सवलतीमुळे फीचा प्रश्न सुटला. परंतु फी हा शिक्षणाच्या खर्चाचा एक भाग असतो. खाणावळ, पुस्तके, ड्रॉइंग बोर्ड, एस.टी.चे भाडे हे सारे कोठून आणायचे? १९७४ मध्ये सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

त्या काळी केंद्र सरकारची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना होती. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत हुशार व गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळे आणि नोकरी लागल्यावर ते हप्त्याहप्त्याने फेडावे लागे. शिक्षकाचा पेशा पत्करणाऱ्याला दर वर्षाच्या सेवेमागे कर्जाचा एक दशांश भाग माफ होई, ही त्यातील फार चांगली तरतूद होती. (ती योजना ज्याने आखली त्याला शिक्षकाची किंमत ठाऊक असली पाहिजे.) या कर्जाला जामीनदार लागत असे. आमच्या वडिलांच्या कोरडवाहू जमिनीकडे पाहून कोण जामीन राहणार? पुन्हा गुरुजीच पुढे आले. स्वतःला तीन मुली, पगार बेताचा, तरीही त्यांनी कागदावर सही केली आणि मला म्हणाले, “हप्ता चुकवलास तर माझ्या पगारातून कापतील, एवढं ध्यानात ठेव.” १९७८ मध्ये पदवी घेऊन मी नोकरीस लागलो. पहिल्या पगारातून पहिला हप्ता भरला आणि त्याची पावती गुरुजींना टपालाने पाठवली. शेवटच्या हप्त्यापर्यंत पावत्या पाठवत राहिलो.

त्या शिष्यवृत्तीची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. रक्कम मंजूर होई वेळेवर; हाती पडे ती फेब्रुवारीत. जुलै ते जानेवारी या सात महिन्यांत खाणावळवाल्याला काय सांगायचे, याचे उत्तर कोणत्याही शासकीय पत्रात नसे. माझ्या वर्गातील एक मुलगा, माझ्यापेक्षा गणितात पुढे असलेला, दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत गावी गेला तो परत आलाच नाही. त्याची मंजुरी फेब्रुवारीत आली. कागदोपत्री तो ‘लाभार्थी’ होता.

आता विजेकडे येतो. माझी पहिली नेमणूक मराठवाड्यातील एका उपविभागात झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० ची. आम्ही भरती झालो तेव्हा गावोगाव वीज नेण्याचे काम जोरात सुरू होते. आठ मीटरचा सिमेंटचा खांब बैलगाडीवर लादून रानातून न्यायचा, खड्डा खणून दहा-बारा माणसांनी दोर लावून तो उभा करायचा, तारा ओढायच्या, अर्थिंगसाठी कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरायचा, अशी ती कामे. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली की गावकरी आपले बैल सोडून आणत. खांब आपल्या शिवारात येतो आहे, याचा लोकांना केवढा आनंद असे! पुढे त्याच खांबासाठी जमिनीच्या मोबदल्याचे अर्ज येऊ लागले, हा भाग वेगळा.

गाव ‘विद्युतीकृत’ झाले म्हणजे काय? ऐकून आश्चर्य वाटेल, पण १९९७ पर्यंत याची व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी विजेचा वापर होत असेल, तर ते गाव विद्युतीकृत समजावे. एका मळ्यात एक पंप चालला की झाले! १९९७ मध्ये ही व्याख्या बदलून वापर लोकवस्तीच्या हद्दीत असला पाहिजे, असे ठरले. २००४ मध्ये ती आणखी कडक झाली. वस्तीत आणि दलित वस्ती असल्यास तेथेही रोहित्र व तारा पोहोचल्या पाहिजेत, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज दिलेली असली पाहिजे आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असली पाहिजे, अशा अटी आल्या. घर न् घर जोडण्याचे उद्दिष्ट घेऊन सौभाग्य योजना आली ती २०१७ मध्ये. म्हणजे चावडीवरच्या दिव्यापासून शेवटच्या घरापर्यंत मोजमाप पोहोचायला किती वर्षे लागली, पाहा.

मला हे शिकवले एका म्हातारीने. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांनंतर मी आटपाडी भागात असताना एका वस्तीवर पाहणीला गेलो होतो. माझ्या हातातील नोंदवही पाहून ती म्हणाली, “सायेब, वहीत आमची वस्ती उजेडात हाय म्हनं, पोरगं मातुर चिमनीवर वाचतंय.” त्या वस्तीवर तार होती. परंतु रोहित्रापासून ती एवढी लांब आणि वाटेत एवढे पंप, की शेवटच्या टोकाला दोनशे तीस व्होल्टच्या जागी दीडशेही मिळत नसत. दिवा तांबूस दिसे आणि संध्याकाळी पंप सुरू झाले की तोही विझल्यासारखा होई.

याचे शास्त्र सोपे आहे. शिक्षक मंडळींनी ते मुलांना जरूर सांगावे. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, तर तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज चौपट होते. दाब कमी झाला की पंपाची मोटर तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते. त्यामुळे दाब आणखी घसरतो, मोटर तापते आणि शेवटी जळते. शेतकरी ती बांधून आणतो, म्हणजे गुंडाळीचा खर्च त्याच्या माथी. यावर उपाय तीन. उच्च दाबाची वाहिनी वस्तीजवळ न्यायची, मोठ्या रोहित्राऐवजी लहान रोहित्रे जागोजागी बसवायची आणि प्रत्येक पंपाला कपॅसिटर लावायचा. त्या वस्तीसाठी आम्ही अकरा हजार व्होल्टची वाहिनी पुढे नेली आणि वस्तीच्या कडेला लहान रोहित्र बसवले. खर्च फार नव्हता. मंजुरीला मात्र दोन वर्षे लागली आणि त्या दोन वर्षांत वस्तीवरील लोकांनी मला जेवढ्या वेळा चहा पाजला, तेवढा मी माझ्या सासुरवाडीतही प्यायलेलो नाही.

२००५ च्या जून महिन्यात विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा स्वतंत्र कंपन्या झाल्या. त्यानंतरची भारनियमनाची वर्षे, लोकांचे मोर्चे, फोडलेली कार्यालये यांविषयी बोलायचे तर दुसरे भाषण लागेल. २०११ मध्ये मी निवृत्त झालो.

निधीची सुरुवात मात्र त्यापूर्वीची, १९९६ ची आहे आणि ती एका मृत्यूने झाली. आमच्याकडील एक वायरमन दुरुस्तीसाठी खांबावर चढला होता. परमिट घेतलेले, उपकेंद्रातून वाहिनी बंद केलेली. परंतु जवळच्या एका पिठाच्या गिरणीत जनरेटर चालू झाला. चेंजओव्हर स्विच न लावता तो जोडलेला असल्यामुळे त्याची वीज उलट दिशेने तारेत आली. रोहित्रातून उलटी जाताना तिचा दाब वाढतो आणि मेलेली तार जिवंत होते. तो माणूस जागीच गेला. सरपंच मंडळींना माझी विनंती आहे की, आपल्या गावात दुकान, गिरणी, मंगल कार्यालय, जेथे जेथे जनरेटर आहे, तेथे हा स्विच बसवला आहे की नाही, हे एकदा स्वतः पाहून या. त्याला फार पैसे पडत नाहीत.

नुकसानभरपाई पुढे मिळाली, वारसाला नोकरीही मिळाली; पण कागद हलायला वेळ लागतो. त्याची थोरली मुलगी आठवीत होती. आईने तिला शाळेतून काढून धाकट्यांना सांभाळायला घरी ठेवण्याचे ठरवले. तिच्या वर्गशिक्षिका कार्यालयात येऊन सांगून गेल्या म्हणून आम्हांला कळले. तेथल्या तेथे अकरा जणांनी दरमहा पन्नास रुपये द्यायचे ठरवले आणि ते पैसे त्या बाईंच्या हाती दर महिन्याच्या पाच तारखेस पोहोचू लागले. मुलगी शिकली आणि परिचारिका झाली. विजेच्या वाटेला ती गेली नाही. त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही.

अकरा जणांचे पुढे शंभरावर झाले. निधीला आम्ही कोणाचे नाव दिलेले नाही. गेल्या काही वर्षांत नियमही फार थोडे ठेवले आहेत. पैसे जूनमध्येच द्यायचे, शाळा उघडण्यापूर्वी. फेब्रुवारीत द्यायचे असतील तर देऊच नयेत, असे माझे मत आहे. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण ती अभ्यासक्रम संपेपर्यंत चालू राहिली पाहिजे. गुण कमी झाले म्हणून ती बंद करायची नाही. गुण का कमी झाले, हे घरी जाऊन विचारायचे. मुलाचे घर पाहिल्याशिवाय अर्ज मंजूर करायचा नाही. आणि मुलांना धनादेशासह उभे करून छायाचित्र काढायचे नाही. आज येथे छायाचित्रकार आहेत, ते जिल्हा परिषदेचे पाहुणे आहेत. आमच्या मुलांना मागच्या रांगेत बसवले आहे.

शिष्यवृत्ती मध्येच तुटली की काय होते, याचे आपल्या इतिहासातील मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तेथून ते लंडनला गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसा पैसा साठवून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. एवढी जिद्द असलेल्या माणसालाही मधली तीन वर्षे गमवावी लागली. साध्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

बाबासाहेबांचा आम्हां वीज अभियंत्यांशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. युद्धोत्तर वीज विकासाच्या धोरण समितीचे अध्यक्ष या नात्याने ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, असा विचार मांडला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. राज्याराज्यांत वीज मंडळे उभी राहिली ती १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने. त्याची पूर्वतयारी या काळातली. आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेही साल १९४४ च. ज्याने शिष्यवृत्ती तुटल्याचे दुःख भोगले, तो सत्तेच्या जागी असताना हे घडले, याला योगायोग म्हणायला माझे मन तयार होत नाही.

आमच्या शास्त्रातील एका परदेशी गृहस्थाचाही येथे उल्लेख करतो. चार्ल्स स्टाइनमेट्झ हे जर्मनीत ब्रेस्लाऊ येथे १८६५ मध्ये जन्मले. जन्मतः पाठीला कुबड, उंची खुजी. १८८९ मध्ये निर्वासितासारखे अमेरिकेत उतरले. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची किचकट गणिते त्यांनी संमिश्र संख्यांच्या साहाय्याने सोपी केली. आजही आमचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्याच पद्धतीने उदाहरणे सोडवतो. एवढा मोठा शास्त्रज्ञ स्केनेक्टडी या आपल्या गावच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष झाला आणि मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळावीत, यासाठी झटला. १९२३ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती तेथील युनियन महाविद्यालयात त्याच वर्षापासून, ते ज्या कंपनीत होते तिच्या खर्चाने दिली जाऊ लागली. आपल्याकडील एखादा मुख्य अभियंता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आला, तर आपण त्याला प्रमुख पाहुणा करून हार घालू आणि कामाला लावणार नाही!

आता आजच्या स्थितीविषयी. योजनांची वाण आता राहिलेली नाही. आठवीतील मुलांसाठी २००८ पासून राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. निवड झालेल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी झाली. हे सारे स्तुत्य आहे. अर्ज संगणकावरून भरायचा आणि पैसे थेट बँक खात्यात, ही व्यवस्थाही पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

तरी तारेच्या शेवटच्या टोकाला दाब कमी मिळतो तो का? आमच्या निधीकडे येणाऱ्या मुलांना विचारले, तर कारणे फार लहान असतात. शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि आधार कार्डावर ‘दत्तू’. बँक खाते आधारशी जोडलेले नाही. उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा. आईचा मोबाईल क्रमांक बदलला, म्हणून सांकेतिक क्रमांक भलत्याच माणसाकडे गेला. अर्जात त्रुटी असल्याचा निरोप संगणकावर येऊन पडला आणि मूल ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही.

हे काम ग्रामपंचायतीत होऊ शकते. मार्च महिन्यातील एका ग्रामसभेत आठवी, दहावी आणि बारावीच्या मुलांची यादी वाचावी. प्रत्येकापुढे पाचच रकाने असावेत: नाव सर्वत्र सारखे आहे काय, खाते जोडलेले आहे काय, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, कोणत्या योजनेस पात्र. जेथे रकाना रिकामा, तेथे कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, त्याचे नाव लिहावे. उपकेंद्रात आम्ही बिघाडाची वही ठेवतो. बिघाड कधी झाला, कोण गेला, केव्हा दुरुस्त झाला, एवढेच तीत असते आणि तेवढ्यावर चालते. अधिकारी वर्गाला माझे सांगणे एवढेच की, किती अर्ज मंजूर झाले, या आकड्याशेजारी किती मुलांच्या हाती रक्कम पडली आणि कोणत्या महिन्यात पडली, हेही छापावे. ज्या मुलाने मध्येच शिक्षण सोडले, त्याला लाभार्थी म्हणून मोजू नये.

ज्या गावांनी अशी वही ठेवायला सुरुवात केली आहे, त्यांपैकी दोन गावांचे सरपंच आज येथे आहेत. चहाच्या वेळी त्यांना भेटावे. माझ्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे सांगतील. वहीचा नमुना आणि आमच्या निधीचे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेपुरते घेऊन जावेत आणि भरलेले अर्ज ३० एप्रिलपर्यंत पाठवावेत, म्हणजे मे महिन्यात आम्हांला घरे पाहून घेता येतील.